पूरग्रस्तांच्या याद्या जुळवताना

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी हेच आकडे ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर. शिरोळ, करवीर, मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली आणि राज्यभरातून मदतीच्या गाड्या निघाल्या. पाणी ओसरू लागलं की अडचण मालाची कमी आणि यादीची जास्त असते. कोणत्या गावात किती चुली, त्यांतले किती निवारा केंद्रात, किती पाहुण्यांकडे, कुणाला काय मिळालं, काय राहिलं. हे एका जागी जुळलं नाही तर हमरस्त्यालगतच्या गावात एकाच घरी तीन-तीन किट जातात आणि नदीच्या वळणाआडच्या वाडीत एकही पोचत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर २०१९ आणि २०२१च्या पुरांत हे जुळवण्याचं काम कसं चालतं, त्यातलं काय टिकतं आणि काय मोडतं, ते इथे क्रमाने मांडत आहोत. पुढच्या वेळी जे हे काम हातात घेतील त्यांना ते आधीपासून माहीत असावं.

सगळ्यात आधी गावांची यादी. गाव नावाने नोंदवायचं नाही, कोडने नोंदवायचं. २०११च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी कोड दिलेला आहे. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही गावागणिक कोड आहे आणि तिथे जनगणनेचा कोड शेजारच्याच रकान्यात मिळतो. पाणी इशारा पातळीला टेकलं की ही यादी उतरवून घ्यायची, तालुके निवडायचे आणि फॉर्ममध्ये गावाचं नाव टाइप करायची सोयच ठेवायची नाही. जिल्हा, तालुका, गाव असं यादीतून निवडायचं. कारण सरळ आहे. शिरोळ, शिरोली आणि शिराळा ही तीन वेगळी ठिकाणं. शिरोळ हा कोल्हापूर जिल्ह्यातला तालुका, पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यातली, शिराळा सांगली जिल्ह्यातला तालुका. इंग्रजी अक्षरांत घाईने टाइप केलं की एका अक्षराचा फरक उरतो आणि तोही चुकतो. उलट नृसिंहवाडी, नरसोबावाडी, नरसोबाची वाडी आणि नुसतं ‘वाडी’ हे एकच गाव. कवठेपिरान, कवठे एकंद, कवठे महांकाळ आणि कवठे गुलंद ही चार, पण फोनवर बोलणारा ‘कवठ्याहून बोलतोय’ एवढंच म्हणतो. राजापूर शिरोळ तालुक्यात आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातही. करवीर तालुक्यातल्या चिखलीसाठी भरलेल्या गाडीच्या चालकाला नकाशावर पिंपरी-चिंचवडची किंवा बुलढाण्याची चिखली आधी दिसते. चलनावर गावाच्या नावापुढे कोड, तालुका आणि गावातल्या एका माणसाचा नंबर असला की हा घोळ होत नाही.

महसुली गावाच्या आत वाड्या, मळे, गल्ल्या येतात आणि त्या कुठल्याच सरकारी यादीत पूर्ण नसतात. पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना एकत्र बसवून वस्त्यांची नावं लिहून घ्यायची आणि गावाच्या कोडपुढे दोन आकडे जोडायचे. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते केलं तरच कोणती वस्ती सर्वेक्षणातून सुटली ते संध्याकाळी दिसतं. सांगली शहरात शामरावनगरसारख्या सखल भागात गल्ली आणि अपार्टमेंटचं नाव दोन्ही लागतात. तिथे भाडेकरू पुष्कळ, आणि घरमालकाच्या नावाने यादी केली की ते सगळे गळतात.

मग ठरवायचं ते कुटुंबाचं माप. आमचा आग्रह चुलीचा: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. रेशन कार्ड एक आणि चुली तीन, हे या भागात घरोघर दिसतं. वाटण्या झालेल्या असतात, कार्ड मात्र आईच्या नावावरच राहिलेलं असतं. याच्या उलट, कार्डं विभक्त करून घेतलेली आणि सगळे एकत्र जेवणारे, असंही असतं. पहिल्या दिवशी व्याख्या ठरवली नाही तर एक पथक कार्ड मोजतं, दुसरं चुली मोजतं, तिसरं दारं मोजतं आणि तिन्ही आकडे बरोबर असूनही एकमेकांना लागत नाहीत. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारे परगावचे कामगार पाच-सहा जण मिळून एका खोलीत राहतात. त्यांची चूल एक धरायची, पण किट देताना माणसं मोजायची, म्हणून माणसांचा आकडा वेगळा हवाच.

कुटुंबाला क्रमांक द्यायची पद्धत दोन तऱ्हांनी करता येते. फोनने क्रमांक तयार करायचा असेल तर गावाचा कोड, मग फोनचं अक्षर, मग तीन अंकी अनुक्रमांक असा तो बांधावा. फोनचं अक्षर महत्त्वाचं. रेंज नसताना दोन फोन स्वतंत्र चालत असतात आणि अक्षर नसेल तर दोघेही ००१पासून सुरू करतात. आमचा कौल मात्र आधी छापलेल्या टोकन कार्डाला आहे. क्यूआर कोड, त्याखाली ठसठशीत क्रमांक, वरून लॅमिनेशन. प्रत्येक पथकाला शंभराचा गठ्ठा मोजून, सही घेऊन द्यायचा. क्रमांकाला स्वतःचा काही अर्थ नसतो. नोंदणीच्या वेळी कार्ड स्कॅन केलं की तो कुटुंबाशी जोडला जातो. पुढे वाटपाच्या रांगेत नाव विचारावं लागत नाही, कार्ड स्कॅन केलं की झालं. क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांच्या हिशेबातून काढलेला असावा, म्हणजे हाताने टाइप करताना एक आकडा चुकला तर फॉर्म तिथेच अडवतो.

फॉर्मसाठी आम्ही कोबोटूलबॉक्स वापरतो. हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये वाढलेलं हे साधन ओपन डेटा किट या फोनवर माहिती भरण्याच्या खुल्या साधनाच्या पायावर उभं आहे, मदतसंस्थांना ते ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत मिळतं आणि फोनवर रेंज नसताना चालतं. सगळा फॉर्म एका एक्सेल फाइलमध्ये लिहिता येतो: एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय, तिसऱ्यावर सेटिंग. प्रश्न वीस-बावीसच्या वर नकोत. चिखलात उभ्या माणसाला सात-आठ मिनिटांहून जास्त थांबवणं बरोबर नाही, आणि दोघांच्या जोडीने दिवसात ४० ते ५० घरं व्हायची असतील तर त्याहून जास्त वेळ मिळतही नाही. प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना ठेवायचा: या उत्तरावरून कोण, काय ठरवणार? रकाना रिकामा राहिला की प्रश्न काढून टाकायचा. ‘घरात टीव्ही होता का’ हा प्रश्न नुकसानभरपाईचा वाटतो, पण घरांचे आणि पिकांचे पंचनामे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक करतात. आपण ते दुसऱ्यांदा विचारलं तर लोकांना वाटतं की याचेही पैसे येणार. ती आशा लावणं वाईट.

फॉर्मच्या आत अटी घातल्या की संध्याकाळचं निम्मं काम वाचतं. मोबाइल दहा अंकी, पहिला अंक ६ ते ९. रेशन कार्डाचा क्रमांक बरोबर बारा अंकी. पुरुष, स्त्रिया आणि मुलं यांची बेरीज फोनने स्वतः करायची आणि ती विचारणाऱ्याला दाखवायची. पंधराच्या वर गेली तर ‘खात्री करा’ असा इशारा द्यायचा, अडवायचं नाही, कारण या भागात वीस माणसांची घरंही आहेत. रेशन कार्डाच्या प्रश्नाला ‘कार्ड नाही’, ‘कार्ड वाहून गेलं’ आणि ‘जुनं कार्ड, बारा अंकी क्रमांक नाही’ असे पर्याय लागतातच. पुरात कार्ड वाहून जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि क्रमांक नंतर रेशन दुकानाच्या ई-पॉस यंत्रावरून मिळू शकतो. शून्य, रिकामं आणि ‘माहीत नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गरोदर स्त्रिया’ हा रकाना रिकामा असेल तर विचारलंच नाही की कुणी नाही, हे दुसऱ्या दिवशी कळायला मार्ग नसतो, आणि लोहाच्या गोळ्यांचा हिशेब तिथेच चुकतो.

चालू मोहिमेत फॉर्म बदलावा लागतो. एखादा पर्याय वाढतो, एखादा शब्द लोकांना कळत नाही. तेव्हा दिसणारा मजकूर बदलावा. आतलं सांकेतिक नाव बदलू नये. ते बदललं की सर्व्हरवर नवा रकाना तयार होतो, अर्धी माहिती जुन्या रकान्यात आणि अर्धी नव्यात जाते. शिवाय सगळ्या फोनवर नवी आवृत्ती उतरली का, हे सकाळी गाडी निघण्यापूर्वी एकेक फोन हातात घेऊन पाहायचं. रेंजमध्ये असताना पाच मिनिटांचं हे काम, गावात गेल्यावर होत नाही.

फोटोंवर लक्ष हवं. साध्या फोनचा फोटो तीन-चार एमबीचा. पन्नास घरं आणि घरटी दोन फोटो धरले तर एका जोडीचे साडेतीनशे एमबी होतात आणि टूजी रेंजवर ते रात्रभर चढत नाहीत. फॉर्ममध्येच फोटोची मोठी बाजू १०२४ पिक्सेलवर बांधून टाकली की तोच भार वीस एमबीच्या आसपास येतो आणि भिंतीवरची पाण्याची खूण तरीही स्पष्ट दिसते. जीपीएस अचूकता दहा मीटरपर्यंत येईस्तोवर थांबायचं. पत्र्याखाली उभं राहिलं की ती तीस-चाळीस मीटरवर अडते, म्हणून अंगणात येऊन नोंद घ्यावी. कुटुंब निवारा केंद्रात असेल तर जीपीएसवर केंद्राची जागा पडते, घराची नव्हे. त्यासाठी ‘सध्या कुठे’ आणि ‘घर कोणत्या वस्तीत’ हे दोन वेगळे प्रश्न ठेवले. एकच ठेवला तर नकाशावर सगळं गाव एका शाळेत राहतं.

विजेचं नियोजन माहितीइतकंच महत्त्वाचं. वीज गेल्यावर मोबाइल टॉवर काही तास बॅटरीवर चालतात, मग डिझेलवर, आणि रस्ता बंद असेल तर डिझेल पोचत नाही. म्हणून रेंज आज आहे यावर उद्याचं काम बेतू नये. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ४,००० एमएएचचा फोन प्रत्यक्षात दीड वेळा, फार तर पावणेदोन वेळा भरतो. खोक्यावरच्या आकड्याला भागून हिशेब करू नये. प्रत्येक जोडीला एक फोन, एक राखीव फोन, एक पॉवर बँक, झिपची प्लास्टिक पिशवी, आणि कागदी फॉर्मचं छापील क्रमांकांचं कार्बन पुस्तक. लिहायला बॉलपेनच, जेल पेनची शाई एका सरीत पसरते. भिजलेला फोन चार्जिंगला लावायचा नाही, बंद करून कोरडा होऊ द्यायचा.

संध्याकाळी तीन आकडे जुळवायचे: खर्च झालेली टोकन कार्डं, फोनमधले पूर्ण झालेले फॉर्म आणि सर्व्हरवर आलेले फॉर्म. तिन्ही सारखे असतील तर जोडी मोकळी. फोनमध्ये फॉर्म मसुदा म्हणून राहिला आणि पूर्ण केल्याची खूण केली नाही तर तो पाठवलाच जात नाही, आणि हे घर यादीतून गायब होतं. हा फरक त्याच संध्याकाळी सापडला तर माणसाला आठवत असतं. तीन दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.

यानंतर येतं ते सगळ्यात चिवट काम: बाहेरून आलेल्या याद्या आपल्या यादीला लावणं. ग्रामपंचायतीची यादी, तरुण मंडळाची वही, एखाद्या संस्थेची एक्सेल, तलाठ्याकडची यादी. सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या याद्या बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. त्यासाठी रूपांतरक मिळतात, पण कोणत्या फॉन्टची कोणती आवृत्ती आहे ते आधी ओळखावं लागतं, आणि रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार, ज्ञ, क्ष आणि ‘ऱ्य’ एवढ्या जागा डोळ्यांनी तपासाव्याच लागतात. ‘सुऱ्याबा’ हे नाव दोन पद्धतींनी टाइप होतं, पडद्यावर सारखं दिसतं आणि संगणकाला ती दोन नावं वाटतात. मराठी मजकुराची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी) फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की अक्षरं फुटतात. ती ‘डेटा’च्या मेनूतून, यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडून आत घ्यावी. देवनागरी अंकांतले आकडे मजकूर म्हणून येतात आणि बेरजेत धरलेच जात नाहीत. बेरीज कमी येते, चूक मात्र कुठेच दिसत नाही.

एक्सेलचे आणखी काही हिसके पैशांच्या वाटपात महागात पडतात. बारा अंकी क्रमांक तो आपणहून घातांकाच्या रूपात दाखवतो, आणि फाइल तशीच सीएसव्ही म्हणून जपली तर मूळ अंक कायमचे जातात. पंधराच्या पुढचे अंक तो शून्य करतो, म्हणजे सोळा अंकी बँक खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. म्हणून खातं, रेशन कार्ड आणि मोबाइल हे रकाने माहिती भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचे. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, अकरा अक्षरांचा, त्यातलं पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ‘ओ’ लिहितात आणि पैसे परत येतात. पाचवं अक्षर शून्यच आहे का, हे एका सूत्रात तपासता येतं. जुने पासबुकही दगा देतं. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२०ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी ३० जून २०२१पर्यंतच चालले. जुलै २०२१च्या पुरात पासबुकावरून उतरवलेले कोड त्यामुळे चालेनासे झाले. तारखांचंही तसंच. ०८/०९/२०१९ म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या संगणकावर ९ ऑगस्ट आणि आपल्याकडे ८ सप्टेंबर. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने साठवावी.

आता दुबार नावं. या भागात एका गावात शेकडो पाटील असतात आणि त्यांत ‘विजय आनंदा पाटील’ चार निघतात. चौघेही खरे. दुसरीकडे अण्णासाहेब, अण्णासो, आण्णासो आणि ‘ए. बी.’ हा एकच माणूस. बापूसो, दादासो, बाळासो यांचंही असंच. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव की नवऱ्याचं, सौ. आणि श्रीमती जोडलेलं की नाही, यातून एका नावाची सहा रूपं होतात. जुळवणीचा आमचा क्रम असा ठरला आहे. आधी रेशन क्रमांक तंतोतंत. मग मोबाइल तंतोतंत, पण त्यावर निकाल द्यायचा नाही, कारण म्हातारीने पुतण्याचा नंबर दिलेला असतो आणि एका नंबरावर तीन चुली असतात. मग नावं सारखी करून घ्यायची: उपपदं काढायची, ‘सो’ आणि ‘साहेब’ एक करायचे, ‘राव’ काढायचा, ऱ्हस्व-दीर्घ एक करायचे, शब्द वर्णक्रमाने लावायचे. मग त्याच वस्तीतल्या, तेवढीच माणसं असलेल्या जोड्या संशयित म्हणून वेगळ्या रकान्यात खूण करून ठेवायच्या. कोणतीही ओळ पुसायची नाही. पुसलेली ओळ परत मिळत नाही आणि त्या ओळीत एखादं घर असतं. खूण केलेल्या जोड्या छापून दुसऱ्या सकाळी आशाताई आणि पोलीस पाटील यांच्यासमोर ठेवल्या की वीस-पंचवीस जोड्या चहा होईस्तोवर निकालात निघतात. गावाला जे दोन क्षणांत कळतं ते कोणत्याही सूत्राला कळत नाही, म्हणून सूत्राचं काम संशय दाखवण्यापुरतं.

दुबार दोन प्रकारचं असतं, हेही ध्यानात ठेवावं. एकाच घराची नोंद दोनदा होणं हा यादीचा दोष. एकाच घराने मदतीसाठी चार ठिकाणी निरोप पाठवणं हा दोष नव्हे. अडकलेला माणूस चार ठिकाणी फोन करणारच. २०१८च्या केरळ पुरात स्वयंसेवकांनी केरळरेस्क्यू हे संकेतस्थळ उभं केलं तेव्हा ‘सुटका झाली’ अशी नोंद करून सुटकेच्या विनंत्या बंद करणं हे विनंती घेण्याइतकंच मोठं काम होऊन बसलं. विनंतीला क्रमांक, वेळ आणि सद्यस्थिती हे तीन रकाने नसतील तर सुटून गेलेल्या घरापाशी बोट पुन्हा जाते आणि दुसरं घर थांबून राहतं.

मालाचा हिशेब वेगळ्या वहीत, पण त्याच गावकोडावर. ‘किट’ हे एकक म्हणून निरुपयोगी आहे. एका संस्थेच्या किटात पाच किलो तांदूळ आणि एक लिटर तेल, दुसरीच्या किटात दहा किलो पीठ आणि चादर. म्हणून प्रत्येक प्रकाराला अक्षर द्यायचं आणि त्यातल्या वस्तू एकदाच लिहून ठेवायच्या. गोदामात आलेलं, पाठवलेलं, वाटलेलं आणि परत आलेलं असे चार रकाने. रोज रात्री शिल्लक प्रत्यक्ष मोजायची आणि वहीतल्या शिल्लकेशी ताडायची. फरक सापडतो तो बहुतेक ‘परत आलेलं’ या रकान्यात, कारण रात्री उशिरा आलेली गाडी कुणी नोंदवत नाही. चलनाच्या तीन प्रती: गोदाम, चालक, गाव. गावच्या प्रतीवर सही आणि वेळ घेऊन चालकानेच तिचा फोटो पाठवायचा.

यादी आणि वही जुळल्या की गरजेचा हिशेब मांडता येतो. स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. ४०० चुली आणि चुलीमागे पाच माणसं धरली तर दोन हजार माणसांना ३०,००० लिटर, म्हणजे दहा हजारांचे तीन टँकर. निवारा केंद्रात सुरुवातीला ५० माणसांमागे एक शौचालय, पुढे २० माणसांमागे एक. म्हणजे याच गावाला आधी ४०, मग १००. टँकरच्या नोंदीत लिटरांबरोबर उरलेल्या क्लोरीनचा आकडाही हवा, तोटीपाशी ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. नुसते लिटर मोजले तर कागदावर गावाला पाणी मिळालेलं असतं आणि आठवड्याने जुलाबाची साथ येते.

उपग्रहाच्या नकाशांवर लोक फार भिस्त ठेवतात. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार ढगांतून पाहतं, आणि पुराच्या दिवसांत आकाश कधीच उघडं नसतं, म्हणून ते अमोल आहे. इस्रोच्या भुवन पोर्टलवरही पुराचे नकाशे मिळतात. पण शिरोळ-मिरजेच्या पट्ट्यात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. उसाच्या मुळाशी चार फूट पाणी असलं तरी रडारला वर पानंच दिसतात आणि नकाशावर तो भाग कोरडा दिसतो. दाट वस्तीतल्या गल्ल्यांचंही तसंच. शिवाय उपग्रह ठरलेल्या दिवशीच वरून जातो. पाण्याचा चढ दोन फेऱ्यांच्या मधे येऊन गेला तर तो नकाशावर येत नाही. म्हणून नकाशा कुठे पथक आधी पाठवायचं यासाठी वापरावा, कुणाला वगळायचं यासाठी नाही. बंद रस्ते आणि पाण्याखालचे पूल ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारित नकाशे फोनमध्ये आधी उतरवून त्यांवर खुणावलेले बरे.

दरडीची यादी पुराच्या यादीहून वेगळी. माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ची रात्र. तिथे पहिला प्रश्न असतो, त्या वेळी घरात कोण होतं? मतदार यादी आणि रेशन यादी आधाराला घेता येतात, पण मुंबईला कामाला गेलेले आणि आश्रमशाळेतली मुलं त्यांतून वजा करावी लागतात आणि वस्तीला आलेले पाहुणे मिळवावे लागतात. ही यादी एकाच माणसाच्या हाती असावी, प्रत्येक नावापुढे माहिती कुणी दिली आणि केव्हा दिली ते लिहिलेलं असावं, आणि नातेवाइकांना कळवण्याआधी ती कुठेही जाऊ नये.

आणि नेमकी इथेच, याद्या बाहेर जाण्याच्या बाबतीत, सगळ्यात जास्त हयगय होते. नाव, मोबाइल, खातं, आजार, ‘एकटी राहते’ असा शेरा, हे सगळं असलेली एक्सेल व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडते आणि दोन दिवसांत तिच्या प्रती मोजता येत नाहीत. मग ‘तुमची मदत जमा करायची आहे, ओटीपी सांगा’ असे फोन त्याच बायाबापड्यांना येतात. जानेवारी २०२२मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं, तेव्हा ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली होती. त्यांत युद्धात आणि आपत्तीत ताटातूट झालेली कुटुंबं होती. एवढ्या अनुभवी संस्थेच्या बाबतीत हे होतं, तर गटावर टाकलेल्या फाइलची काय कथा. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी ही जबाबदारी आपलीच.

त्यासाठी करायचं ते अवघड नाही. खासगी मदतीला आधार क्रमांक लागत नाही, तो विचारायचाच नाही. सुरुवातीला तीन वाक्यांत सांगायचं: माहिती कशासाठी घेतो, कुणाला देणार, नाही दिली तरी पहिलं किट मिळेल. तिसरं वाक्य खरं असलं पाहिजे. वाटपाच्या पथकाला टोकन क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव आणि माणसांचा आकडा एवढंच दिसावं. आजार आणि गरोदरपणाची नोंद आरोग्य पथकाला. खातं फक्त पैसे पाठवणाऱ्याला. फोनला पिन हवा. फॉर्म कूटबद्ध करता येतो, पण त्याची खासगी किल्ली हरवली तर सगळी माहिती कायमची बंद, म्हणून किल्लीच्या दोन प्रती दोन जबाबदार माणसांकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. दाराबाहेरचा फोटो पुरतो, माणसाच्या चेहऱ्याची गरज नसते.

लोकांना त्यांची माहिती परतही मिळायला हवी. ग्रामपंचायतीच्या फलकावर वस्तीवार चुली, वाटलेले किट आणि शिल्लक एवढे आकडे रोज लावले की तक्रारी आपोआप नेमक्या येतात: ‘मळ्यातली अकरा घरं यात नाहीत’. तक्रारीच्या फोनसाठी साधी वही पुरते, क्रमांक, वेळ, टोकन, काय म्हणणं, कुणाला सांगितलं, काय झालं. शेवटचा रकाना भरेस्तोवर तक्रार बंद धरायची नाही.

मोहीम संपताना तहसील कचेरीला आणि भागीदार संस्थांना जे द्यायचं ते गावनिहाय आकड्यांत द्यायचं. नावांची यादी लेखी मागणी आणि कारण असेल तरच, लागतात तेवढेच रकाने ठेवून. पैशांच्या हिशेबासाठी लागणारी नोंद लेखापरीक्षणापर्यंत एका कूटबद्ध फाइलमध्ये राहते. बाकी नावं, मोबाइल, फोटो यांची पुसायची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असते आणि त्या दिवशी ती सर्व्हरवरून, प्रत्येक फोनमधून, पेनड्राइव्हमधून आणि मेलच्या जोडपत्रांतून पुसली जातात. कार्बन प्रती फाडून नव्हे, जाळून. ठेवायचं ते गावांची आणि वस्त्यांची कोडयादी, रिकामा फॉर्म, नावं सारखी करण्याचे नियम, किटांची अक्षरं आणि उरलेली कोरी टोकन कार्डं. मे महिन्यात ती यादी गावांतून पुन्हा फिरवायची, नव्या वस्त्या जोडायच्या, पॉवर बँका भरून पाहायच्या आणि प्रत्येक फोनवर एक खोटी नोंद करून ती सर्व्हरवर पोचते का ते तपासायचं.